रालीचं गटिंग मशीन

मी एक जुनं गटिंग मशीन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी जे बॅडमिंटन खेळतात त्यांना हे नाव ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. रॅकेटच्या चौकटीत उभ्या-आडव्या तारा विणलेल्या असतात. त्या ताणून बसवायच्या कामाला गटिंग म्हणतात. माझ्या अंगावर एक लांब दांडी आहे आणि दांडीवर लोखंडी वजन आहे. तार माझ्या जबड्यात धरायची आणि दांडी सोडायची. ती खाली येत येत आडवी थांबली की समजायचं, ताण बरोबर झाला. मला वीज लागत नाही. आपल्या हिंगोलीत हा मोठाच गुण आहे.

पण माझा जन्म हिंगोलीचा नाही. बल्गेरिया नावाच्या दूरच्या देशात, प्लोव्दिव शहरात मी घडलो. तिथे तोदोर नावाचा कारागीर ट्रॉलीबस दुरुस्त करायच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याची मुलगी रालित्सा टेनिस खेळायची. ती चेंडूला इतक्या जोरात मारायची की तिच्या तारा टिकत नसत. क्लबातला गटिंगवाला मोठ्या खेळाडूंच्या रॅकेट आधी घ्यायचा आणि रालित्साची रॅकेट खुंटीला टांगलेली राहायची. एका रविवारी तोदोरने मोडीत निघालेल्या बसचा दांडा आणला, ब्रेकचा एक जड तुकडा आणला, आणि कापून, घासून, जोडून मला उभं केलं. माझ्यावर रंगसुद्धा नव्हता. पण त्या संध्याकाळी रालित्साने स्वतःच्या हाताने पहिली रॅकेट विणली आणि कोपऱ्यातल्या खुंटीकडे पुन्हा कधी पाहिलं नाही.

ती मोठी झाली तेव्हा देशातली राजवट बदलली. खेळाडूंना मिळणारी सरकारी मदत थांबली. रालित्साने ठरवलं, आपण आपल्या जोरावर स्पर्धांना फिरायचं. मग तिच्या पाठीवर रॅकेटची पिशवी आणि हातात मी, असा आमचा प्रवास सुरू झाला. आगगाड्या, बस, स्वस्त खोल्या. मी जड होतो, पण तिने मला कधी मागे ठेवलं नाही. आधी इतर मुली मला हसायच्या. नंतर त्याच मुली आपल्या रॅकेट घेऊन आमच्या दाराशी यायच्या.

१९९३ साली इटलीतल्या एका स्पर्धेत, लाल मातीच्या मैदानावर, तिने अशा एका खेळाडूला हरवलं जिच्यासमोर कोणी टिकत नसे. मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर होतो. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या आणि मग रालित्सा धावत आत आली. तिने मला मिठी मारली. मित्रांनो, लोखंडाला कोणी मिठी मारत नाही. मला मारली.

दोन वर्षं ती नावारूपाला आलेली खेळाडू होती. नंतर एका सामन्यात सर्व्हिस करताना तिच्या उजव्या खांद्यातून कळ गेली आणि हात खाली लोंबला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, रोजची कामं होतील, पण हात डोक्यावर नेऊन जोराने मारणं आता होणार नाही. तिने ऐकलं नाही. दुखऱ्या हाताने ती खेळत राहिली आणि हरत राहिली. शेवटी प्लोव्दिवच्या आपल्याच क्लबात, एका नवख्या मुलीकडून पहिल्याच फेरीत हरून तिने रॅकेट पिशवीत घातल्या आणि पिशवीची चेन ओढली.

त्या क्लबात संध्याकाळी मातीवर रूळ फिरवायला एक भारतीय विद्यार्थी यायचा. त्याचं नाव देविदास राठोड. हिंगोलीकडच्या वारंगा फाट्याजवळच्या बंजारा तांड्यातला हा मुलगा शेतीशास्त्र शिकायला तिथे गेला होता. रालित्सा हरायची त्या दिवशीही तो तिच्याशी खेळाबद्दल नाही, तर मातीबद्दल बोलायचा. तिला ते आवडायचं. त्याचं शिक्षण संपलं, वसमतजवळच्या साखर कारखान्यात त्याला नोकरी लागली, आणि १९९८ साली लग्न करून दोघं तांड्यावर आली. मी मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आलो.

देविदासची आई रुख्मिणीबाई. देविदास तिला बंजारा बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायचा. रालित्साही तेच म्हणू लागली. रुख्मिणीबाईने सुनेचं नाव दोन दिवस घोळवून पाहिलं आणि शेवटी तिची ‘राली’ करून टाकली. मग तिची नजर माझ्यावर गेली.

“ही शेवयाची मशीन हाय व्हय?”

“न्हाई याडी,” देविदास म्हणाला, “रॅकेटच्या तारा ताणायची हाय.”

“मंग रॅकेट कुठाय?”

“ते आता बंद केलं तिनं.”

“बंद केलं? मंग हिला काय पुजायचं?”

 रालीने मला बाजेखाली सरकवलं.

तिथे माझे वाईट दिवस सुरू झाले. दांडीवर गंज चढला. एक कोंबडी माझ्या अंगावर बसायला शिकली. एकदा रुख्मिणीबाईने मला बाहेर काढून बाजेची सुतळी ताणायला वापरलं, तेव्हा मला बरं वाटलं. साऱ्या तांड्यात तेवढी घट्ट बाज दुसरी नव्हती. पण पुन्हा मी खाली गेलो. राली भाकरी शिकली, मराठी शिकली, हळद शिजवायला शिकली. रॅकेटची पिशवी मात्र तिने एकदाही उघडली नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षीची गोष्ट. पोळ्याच्या आधी कडबा कापताना रुख्मिणीबाईचा उजवा हात यंत्रात गेला. नांदेडच्या दवाखान्यात तिचा जीव वाचला, पण अंगठा सोडून उजव्या हाताची सगळी बोटं गेली. घरी आल्यावर ती बरेच दिवस भिंतीला टेकून बसून राहिली. एका सकाळी ती उठली, चुलीपुढे बसली आणि डाव्या हाताने भाकरी थापू लागली.

पहिली भाकरी काठाला फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. राली पुढे झाली. “याडी, मी करते.”

“सरक तिकडं. तू आज करशील, उद्या करशील. मी काय जन्मभर ताटावर बसून राहू?”

“पण हात...”

“एक गेला. दुसरा हाय ना? त्याला आजवर कामच न्हाई दिलं म्या. आता शिकंल तो.” रुख्मिणीबाईने तिसरा गोळा घेतला आणि मान वर न करता विचारलं, “तुझा तर आख्खा हात शाबूत हाय. मंग डाव्यानं काहून न्हाई खेळलीस?”

राली म्हणाली, “डाव्या हाताला काहीच येत नाही, याडी. तो लेकरासारखा आहे.”

“मंग हो लेकरू. कोन मारून राहिलं तुला?”

तिसरी भाकरीही फाटली. पण त्याच दिवशी दुपारी रालीने मला बाजेखालून ओढलं. तिने माझा गंज घासला, शिलाई मशीनचं तेल दिलं, आणि जवळ उरलेली तार माझ्या जबड्यात धरली. दांडी करकरली, अडखळली आणि मग सावकाश खाली येऊन आडवी थांबली. मला किती आनंद झाला ते मला सांगता येत नाही.

घराशेजारी खळं होतं. हळद वाळत घालायचे दिवस सोडले तर ते मोकळंच असायचं. रालीने दोन खांबांना दोर बांधला आणि ती डाव्या हाताने खेळायला उभी राहिली. चेंडू टाकायला समोर रुख्मिणीबाई. तीही डाव्या हातानेच टाकायची. पहिले चेंडू शेजारच्या तुरीत गेले. काहींना तर रॅकेट लागलीच नाही. ज्या बाईने इटलीत टाळ्या मिळवल्या होत्या, तिला आता चेंडू दोरापलीकडे नेता येईना.

शेजारची पार्वतीबाई कुंपणाशी येऊन ओरडली, “रुख्मिणी, सून माशा मारून राहिली व्हय?”

“मारू दे. एखादी तुला लागंल, बाजूला हो,” रुख्मिणीबाई म्हणाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा रालीने रागाने रॅकेट फेकली. ती म्हणाली, हे होणार नाही, मी मूर्ख आहे. रुख्मिणीबाईने रॅकेट उचलून पदराने पुसली. “भाकरी फाटली म्हनून कोनी तवा फेकतं व्हय?” राली आधी रडली आणि मग हसली. तोवर रुख्मिणीबाईची भाकरी चांगली गोल होऊ लागली होती. रालीचा डावा हातही हळूहळू मार्गाला लागला.

२००१ साली नांदेडला महिलांची खुली स्पर्धा होती. रालीने नाव दिलं. दाराशी एका माणसाने विचारलं, “कोच म्हणून आलात का?”

“नाही,” राली म्हणाली. “खेळायला.”

सुरुवातीच्या फेऱ्या तिने जिंकल्या. उपांत्य फेरीत समोर परभणीची सृष्टी नावाची कॉलेजातली मुलगी होती. ती वाऱ्यासारखी पळायची. पहिला सेट सृष्टीने घेतला. दुसऱ्याच्या सुरुवातीला रालीच्या रॅकेटची तार तुटली. तिच्याकडे दोनच रॅकेट होत्या. तिने दुसरी घेतली आणि पहिली देविदासकडे दिली. देविदासने मला मैदानाबाहेरच्या टेबलाला लावलं, पण माझा पकडीचा स्क्रू झिजलेला होता. तार ओढली की मी टेबलावरून सरकत होतो.

“याडी, दाब याला!”

रुख्मिणीबाईने डावा हात आणि उजव्या हाताचा उरलेला तळवा माझ्यावर ठेवला आणि सगळं अंग टाकून मला दाबलं. उन्हाने माझं लोखंड तापलं होतं. तिच्या तळव्यावरची जुनी जखम नक्कीच दुखत असणार. पण ती हलली नाही, म्हणून मीही हललो नाही. देविदास, रालीने शिकवलं होतं तसं, एकामागून एक तार ओढत होता.

“आडवी झाली का दांडी?” ती विचारायची.

“झाली. आता दुसरी.”

पलीकडे रालीने दुसरा सेट जिंकला. तिसऱ्यात खेळ अगदी बरोबरीला आला आणि तिच्या हातातल्या रॅकेटचीही तार तुटली. पंचाने आमच्याकडे पाहिलं. देविदासने शेवटची गाठ मारली, कात्रीने टोक कापलं आणि धावत जाऊन रॅकेट तिच्या हातात दिली. त्या रॅकेटने रालीने सामना जिंकला. रुख्मिणीबाई मात्र अजून मला दाबूनच बसली होती. देविदासने तिचे हात हलकेच बाजूला केले तेव्हा तळवा लाल झालेला दिसला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना राली हरली. ती घामाने भिजून आमच्याजवळ आली.

“हारलीस?” रुख्मिणीबाईने विचारलं.

“हो, याडी.”

“मंग काहून हसून राहिलीस?”

“खांदा नाही दुखला. पाय दुखतायत फक्त. पुढच्या वर्षी परत येऊ.”

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो आणि ती जिंकली. त्या अंतिम सामन्यातही समोर सृष्टीच होती. हरल्यावर ती सरळ रालीपाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, मला शिकवाल?” सुट्टीत ती तांड्यावर येऊन राहायची आणि त्याच खळ्यावर खेळायची.

नंतर राली, देविदास आणि रुख्मिणीबाई हिंगोलीत राहायला आली. रालीने मुलींना शिकवायला सुरुवात केली. इथे टेनिस खेळणारे थोडे, बॅडमिंटन खेळणारे पुष्कळ. त्यामुळे कचेरीतले साहेब, शिक्षक, शाळेतल्या मुली, सगळ्यांच्या रॅकेट माझ्याकडे येऊ लागल्या. पातळ तारेला हलका ताण लागतो, तेही मी शिकलो.

अलीकडे माझा जबडा झिजला आणि तार निसटू लागली. देविदास म्हणाला, “आता विजेवरचं नवीन घेऊ. हे भंगारात देऊन टाकू.”  रालीने मला अंगणात नेलं, सुटं केलं आणि कानस घेऊन बसली. जबड्याचे दात पुन्हा तार घट्ट धरेपर्यंत ती उठली नाही. मग रुख्मिणीबाईने माझ्या सगळ्या सांध्यांना तेल घातलं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. एखादी वस्तू, एखादं जनावर, एखादा माणूस पहिल्या कामातून उठला म्हणजे संपला, असं समजू नका. त्याचा गंज घासा. त्याला तेल द्या, जागा द्या. आणि तो चुकत असेल तेव्हा हसू नका, त्याला थोडा वेळ द्या.

आणखी सांगायचं होतं, पण उद्या औरंगाबादला पस्तिशी ओलांडलेल्या बायकांची स्पर्धा आहे. रालीने नाव दिलं आहे. दुपारच्या एसटीने निघायचं आहे आणि दोन्ही रॅकेट अजून रिकाम्या आहेत. हे पाहा, तिने दांडी वर उचललीसुद्धा. आता मला बोलता येणार नाही. तोंडात तार आहे.