पहिलं बियाला

आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या दारावर एक पाटी आहे : ‘गच्ची वाळवणासाठी आहे. शेतीसाठी गावी जावे.’ चेअरमनसाहेबांनी ती एकाच माणसासाठी लावली, माझ्या सासऱ्यांसाठी. मी सदाशिव पेठेत वाढलेली, त्यामुळे पाट्यांचा मला राग येत नाही, फार तर मी शुद्धलेखन तपासते. अण्णांनी ती पाटी एकदा सावकाश वाचली आणि तिच्याच खिळ्याला पाण्याचा पाइप अडकवून ठेवला.

उत्तरेश्वर अण्णा तरुणपणी कळंबकडून पुण्याला आले आणि इथेच हडपसरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी निळी पिंपं आडवी कापली, त्यांत माती भरली आणि गच्चीवर मेथी, वांगी, मिरच्या लावल्या. चेअरमनसाहेबांच्या घरीही अधूनमधून मेथीची जुडी जायची, म्हणून प्रकरण पाटीच्या पुढे गेलं नाही.

यंदाची लागवड मात्र हौसेची नव्हती. दिवाळीनंतर आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पोटाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि त्यांच्या तोंडाची चव गेली. भाकरी लोखंडासारखी, वरण लोखंडासारखं, पाणीसुद्धा लोखंडासारखं. “एकदा तवाच मोडून वाढ मला चैताली, भाकरी थापायचा तुझा तरास तरी वाचंल,” असं म्हणून त्या ताट सरकवायच्या. डॉक्टर म्हणाले, “त्या जे मागतील ते द्या.” डॉक्टर हे वाक्य कधी म्हणतात, ते मला आणि सुदर्शनला, माझ्या नवऱ्याला, कळलं. अण्णांनी मात्र त्याचा सरळ अर्थ घेतला.

“द्वारके, काय खावं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

आई छताकडे बघत म्हणाल्या, “वाळूक.”

वाळूक ही काकडीची गावाकडची चुलत बहीण. आखूड, जाड, पट्ट्यापट्ट्यांची. ज्वारीच्या रानात आपोआप पसरायची म्हणे. मी मंडईत जाऊन विचारलं, तर भाजीवाल्याने माझ्यासमोर काकडी ठेवली आणि “नाव काही पण ठेवा मॅडम,” असं वर सुनावलं. शेवटी आईंच्या भावाने गावाहून चिमूटभर बी पाठवलं. राखेत घोळून चिंधीत बांधलेलं, त्यांच्या आईच्या वेळेपासून घरात चालत आलेलं. गावाकडे आता जिकडेतिकडे सोयाबीन, वाळकं कुणी लावत नाही. होतं तेवढं सगळं बी त्याने पाठवून दिलं होतं.

जानेवारी संपता संपता अण्णांनी ते लावलं. आई स्वेटर घालून, डोक्याला रुमाल बांधून गच्चीत खुर्चीवर बसल्या होत्या आणि हुकूम सोडत होत्या. त्यांच्या आईचं म्हणणं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं : पहिलं बियाला, दुसरं लेकराला, तिसरं पाव्हण्याला, आन् राहिलं तर आपल्याला.

“आणि पहिलंच कुणी खाल्लं तर?” मी विचारलं.

“मग पुढल्या साली काय लावशील? माती?” आई म्हणाल्या. “आन् बी धरायच्या आधी एक फोड चाखायची. वाळकाला पाण्याचा ताण पडला का ते कडू होतंय. कडवाचं बी कधी धरू न्हाई. पुढची पिढी कडू निघती.”

फेब्रुवारीचं तर बोलायलाच नको. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, रात्री पुन्हा रजई. रोपांना काही कळेना, नि आम्हाला तरी कुठे कळत होतं? निम्मी रोपं गारठून बसली आणि उरलेली दुपारच्या उन्हात माना टाकून पडली. शेवटी एकच वेल जगला. अण्णांनी त्याला पाइपांचा मांडव केला, हिरवी जाळी बांधली. होळीच्या आधीच ऊन मे महिन्यासारखं तापायला लागलं. वेलाला फुलं आली, पण सातव्या मजल्यावर मधमाशी कुठून येणार? मग अण्णाच रोज सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला लावायचे. “आमच्या लग्नात पण मध्यस्थ असाच होता, दोघांच्या मधी नाक खुपसणारा,” आई म्हणाल्या, आणि त्या दिवशी चहा अर्धा कप गेला.

आणि एक वाळूक धरलं. बोटाएवढं झालं, मग मुठीएवढं. आईंनी जुन्या लाल लुगड्याची चिंधी फाडून स्वतःच्या हाताने त्याच्या देठाला बांधली. बियाचं म्हणून.

वाळूक खाण्याजोगं झालं तसा अण्णांचा धीर सुटत गेला. रोज खाली आले की विषय काढायचे.

“काढू का गं? कवळं हाय. आता लई गोड लागंल.”

“चिंधी दिसत न्हाई का तुम्हाला?”

“अगं, तुझ्यासाठी तर लावलं.”

“दुसरं धरलंय की. ते खाईन. पुढल्या साली लावायला नको का?”

ह्यावर अण्णा पुन्हा गच्चीची वाट धरायचे. पुढल्या साली लावायला बी नको, कारण खाणारी पुढल्या साली नसणार, हे तोंडाने कोण म्हणणार? अण्णांना तोवर सगळं कळलं होतं. रिपोर्ट सुदर्शनने त्यांना वाचून दाखवले होते. त्यांना एवढंच हवं होतं की तिने मागितलेली एक गोष्ट तिच्या तोंडात पडावी. आणि आईंना पुढचं साल हवं होतं. ते पहिलं वाळूक देठावर होतं तोवर आमच्या घरात पुढचं साल होतं. मला दोघांचाही राग यायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन रडूही यायचं.

मार्चच्या मध्यावर आईंना ताप चढला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. अण्णा त्यांच्या कॉटपासून हलेनात. मी आणि सुदर्शन आळीपाळीने घरी यायचो. पिंपांना पाणी घालायचो, पण बाहेर चाळीसच्या वर ऊन. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत वाफ होऊन जायचं. वेल वाळला नाही, एवढंच. पहिलं वाळूक पिवळं पडायला लागलं, दुसरं चांगलं भरलं. मी त्याचा फोटो काढून दाखवला तर आई म्हणाल्या, “घरी आल्यावर माझ्या हातानं तोडीन. कुणी हात लावू नका.”

डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. बरं वाटतंय म्हणून नव्हे, करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. त्या दिवशी त्यांना लिफ्टमध्येही उभं राहवलं नाही, तेव्हा गच्ची दुसऱ्या दिवसावर गेली. “उद्या तोडू,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर हवामानाच्या जागी सूर्याचं गोल चित्र होतं. चार वाजता आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि कुणीतरी पत्र्यावर खडी ओतावी तशा गारा पडायला लागल्या. अण्णा औषध घेऊन नुकतेच खाली स्कूटर लावत होते. ते लिफ्टला न थांबता जिन्याने वर धावले. मी त्यांच्या मागे. गच्चीचं दार उघडलं तर हिरवी जाळी फाटून लोंबत होती आणि मांडव कलला होता. अण्णांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, पिवळ्या वाळकावर उपडं घातलं आणि त्याच्यावर वाकून बसले. वाळकाला हेल्मेट आणि डोकं गारांना. मी ओरडत होते, “अण्णा, आत या!” पण त्या आवाजात माझं मलाही ऐकू येत नव्हतं.

पाऊस थांबला तेव्हा मेथीचा चिखल झाला होता. वांगी फुटली होती. वेल बुडाशी मोडला होता. दुसरं वाळूक, आईंचं, फुटून पिंपाच्या कडेला पडलं होतं, गारांच्या ढिगात.

“हेल्मेट त्याच्यावर का नाही घातलंत?” मी विचारलं.

अण्णांच्या कपाळावरून रक्त आणि पाणी एकत्र वाहत होतं. “चिंधी होती ना,” ते म्हणाले. “हात तिकडंच गेला.”

वेलच मोडला होता, तेव्हा पिवळं वाळूक काढावंच लागलं. अण्णांनी ते चिंधीसकट आणून आईंच्या मांडीवर ठेवलं.

“काय राहिलं?” आईंनी विचारलं.

“हे. बियाचं.” मग अण्णा घाईघाईने म्हणाले, “पिकलंय बरं का. बी धरंल. वाळवू, राखेत घालू, पुढल्या साली चांगलं उन्हाच्या आधीच लावू.”

इतके दिवस ते वाळूक काढू म्हणणारा माणूस आता ठेवू म्हणत होता. आई त्या वाळकावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी चिंधीची गाठ सोडायला घेतली. बोटांत जोर नव्हता, वेळ लागला. मी पुढे झाले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. गाठ सुटली तशी त्यांनी चिंधी अण्णांच्या हातात दिली.

“कापा.”

“आन् बी?”

“मला खायचंय,” आई म्हणाल्या.

अण्णा चिंधी हातात घेऊन उभेच राहिले. गाठ सोडली म्हणजे आईंनी काय सोडलं, ते त्या खोलीत आम्हा तिघांनाही कळलं होतं. मग ते विळी घेऊन जमिनीवर बसले. साल काढली, बिया वाटीत निपटल्या, फोडी केल्या. सवयीने एक फोड चाखायला उचलली तर आईंनी त्यांचा हात धरला.

“ठेवा ती. एवढे दिस वाट बघितली, सगळं माझं हाय.”

आणि त्यांनी खाल्लं. एकेक फोड, सावकाश, डोळे मिटून. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांनी एवढं काही खाल्लं नव्हतं. अण्णा समोर बसून प्रत्येक घासाबरोबर स्वतःही गिळत होते.

“लागतंय का काय?”

“लागतंय.”

“गोड हाय?”

“साखर हाय नुसती. आईच्या रानातलं हुबेहूब.” आईंनी ताटली पुसून घेतली. मग आडवं होता होता, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “ते बी टाकून द्या. धरू नका.”

अण्णा हसऱ्या तोंडाने ताटली, साली नि वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले. तसं हसताना मी त्यांना दिवाळीनंतर पाहिलं नव्हतं. “बघितलंस चैताली? सगळं खाल्लं,” ते म्हणाले. सालीला देठाकडचा गराचा तुकडा चिकटलेला होता, तो त्यांनी तोंडात टाकला. दोनदा चावला आणि थांबले.

मी काय झालं म्हणून उरलेल्या गराला जीभ लावली. कडूजहर. कारल्याने कान धरावेत असं कडू.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिला कशाचीच चव कळत नाही ती बाई जन्मभर जपलेलं बी टाकून द्या का म्हणाली असती? तिला चव लागली होती. पहिल्या फोडीलाच लागली होती. म्हणूनच तिने दुसऱ्या कुणासाठी एकही फोड ठेवली नाही, शेवटपर्यंत सगळं स्वतः संपवलं.

अण्णांनी तो घास थुंकला नाही, गिळला. तोंड धुतलं आणि बाहेर आईंजवळ गेले.

“एक तुकडा राहिला होता सालीला, मी खाल्ला,” ते म्हणाले. “लई गोड होतं.”

“म्हणलं नव्हतं का,” आई डोळे न उघडता म्हणाल्या.

गुढीपाडव्याला आई होत्या. अक्षय्य तृतीयेला नव्हत्या. त्या दिवशी आमच्याकडे वेलांचं बी लावायला मातीत आळी करतात. मी गच्चीवर गेले, तर अण्णा एका पिंपाची माती हाताने मोकळी करत होते. शेजारी लाल चिंधी सोडून ठेवलेली, त्यात राख आणि बिया. त्यांनी टाकल्याच नव्हत्या.

“अण्णा,” मी म्हटलं, “आई काय म्हणाल्या होत्या? कडू निघेल.”

त्यांनी एक बी मातीत दाबलं, वर चिमूटभर राख टाकली.

“निघू दे की,” ते म्हणाले. “आता खाणारा मीच हाय.”