चार महिन्यांचा पूर्ण खर्च

शिष्यवृत्तीच्या खिडकीमागच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “हा खर्चाचा तक्ता खोटा आहे.”

समोरची मुलगी चक्रावली. घरीदारी तिला सगळे ‘टेप’ म्हणत. वडील फरश्या बसवायचे आणि पाच वर्षांची असल्यापासून ती मापाच्या टेपचं दुसरं टोक धरून त्यांच्यामागे फिरायची, म्हणून. आता ती विद्यापीठात कृत्रिम हातपाय बनवायला शिकत होती. परदेशातल्या एका कार्यशाळेनं तिला चार महिने कामावर शिकायला बोलावलं होतं. तिथं फक्त लहान मुलांचे पाय बनत. जागा पक्की होती, पगार मात्र नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाही मिळाली तर बोलावण्याचं पत्र फाइलला लावून ठेवायचं.

“खोटा कसा, मॅडम? एकही आकडा फुगवलेला नाही.”

“तेच म्हणतेय. विमा, औषधपाणी : शून्य?”

“मी आजारी पडत नाही.”

“हे आजारांना कळवलंयस का? बरं, बसभाडं : शून्य?”

“चालत जाईन.”

“खोलीपासून कार्यशाळा अकरा किलोमीटर. रोज बावीस चाललीस तर पहिला नवा पाय तुलाच बसवावा लागेल.” बाईंनी अर्ज परत सरकवला. “सोमवारी नीट करून आण. हा असा समितीपुढे गेला तर पहिल्या पानावरच बाद.”

ही खोड टेपची एकटीची नव्हती, घरचीच होती. वडिलांचा हात इतका साफ, की त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. पण कामाची किंमत सांगायची वेळ आली की त्यांचा आवाज खाली जायचा आणि आवाजाबरोबर आकडाही. मग शेवटची दोन पोती सिमेंट स्वतःच्या खिशातून. आईनं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला.

“जास्त मागितलं की समोरचा दार लावून घेतो,” संध्याकाळी अर्ज बघून वडील म्हणाले. “विमा घाल एकवेळ. बाकी राहू दे. निभावून नेशील तू.”

“निभावून नेण्याची गोष्ट नंतर,” आत्या म्हणाली. ती वडिलांची थोरली बहीण. पहिलीच्या वर्गाला तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. पण घाई न करण्याची सवय काही सुटली नव्हती. तिनं एक कोरा कागद टेपपुढे ठेवला. “आकडे बाजूला ठेव. तिथली सकाळ झालीये. तू उठलीस. पुढे काय?”

“दात घासले.”

“कशानं?”

“ब्रशनं. आत्या, मी काय पहिलीत आहे?”

“पहिलीतली मुलं बरी, विचारल्याचं उत्तर देतात. पेस्ट संपली. कुठून आणलीस? लिही.”

टेपनं हसत लिहिलं. मग अंघोळ, म्हणजे साबण. नाश्ता. बस. दुपारचं जेवण. आठवड्याचे कपडे कुठल्या यंत्रात धुतले? घरी फोन केला तो कशावरून? आत्या उत्तर सांगत नव्हती, नुसती पुढच्या तासात ढकलत होती. त्या मनातल्या दिवसाचे दुपारचे तीन वाजेपर्यंत कागदाची एक बाजू भरली.

“आता उभी आहेस कार्यशाळेत,” आत्या म्हणाली.

“दिवसभर उभंच राहायचंय तिथं.”

“मग बूट लिही,” वडील एकदम बोलले. आतापर्यंत ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. “चांगले बूट. स्वस्तातले घेशील तर महिन्यात कंबर धरशील. माझी बघतेयस ना? आणि थंडीचा कोट. तिकडे गारठा असणार.”

“किती धरू, बाबा?”

वडील अडखळले. जिभेवर छोटा आकडा आला असावा. आत्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

“दुकानात जितक्याला मिळतो,” ते म्हणाले, “तितके.”

नवी बेरीज जुनीच्या जवळजवळ दुप्पट भरली. आईनं ती बघितली आणि अर्ज घालायला घरातलं सगळ्यात कडक पाकीट काढून दिलं.

समितीत तिघे होते. मधल्या अध्यक्षांपुढे दोन्ही अर्ज शेजारी-शेजारी ठेवलेले; जुना टेपनंच नव्याला जोडून दिला होता.

“चार दिवसांत महागाई इतकी वाढली?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. आधीच्या अर्जात मी खोटं लिहिलं होतं. तेवढ्यात तिथं कुणी राहू शकत नाही. हा खर्च खरा आहे, कुठलाही आकडा विचारा.”

डावीकडच्या हिशेबनिसांनी विचारले. भाडं, बस, कोट. तिनं प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगितलं. आत्याबरोबर तो दिवस ती एकदा जगून आली होती, त्यामुळे अडायचं काही कारण नव्हतं.

“समजा, आम्ही निम्मे दिले,” अध्यक्ष म्हणाले. “दोन महिने जाऊन ये.”

बाहेर बाकावर वडील बसले होते. ते आत असते तर एव्हाना ‘हो’ म्हणून मोकळे झाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्याही जिभेच्या टोकावर ते ‘हो’ होतंच. तिनं ते गिळलं.

“दोन महिन्यांत पाय बनतो, सर. पण मूल तो वापरायला लागलं की त्याच्या उरलेल्या पायाचा आकार बदलतो. मग तो ज्यात बसतो ती खोबण सैल होते, घासते, मूल पाय काढून ठेवतं. ती पुन्हा बसवणं, हेच मला शिकायचंय, आणि ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं. दोनच महिने द्यायचे असतील तर ज्याचं काम दोन महिन्यांत पुरं होतं त्याला द्या.”

अध्यक्षांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. वडिलांनी विचारलं, “काय म्हणाले?” तिनं सांगितलं. वडिलांचा चेहरा पडला. “अगं, निम्मे तर निम्मे! हातचं सोडलंस की.” तिला मात्र बोललेलं परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

वीस मिनिटांनी खिडकीतल्या बाई स्वतः पत्र घेऊन आल्या. चार महिने मंजूर, पूर्ण रक्कम. वडील उठूनच उभे राहिले. “आभार मान आणि चल घरी, त्यांचं मन बदलायच्या आत.”

टेप मात्र पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. “मॅडम, शेवटचा पाचवा हिस्सा परत आल्यावर मिळणार. मग चौथ्या महिन्याचं भाडं मी कशातून देऊ?”

“आता मी—” वडील म्हणाले, “माझ्याकडचे थोडे—”

“बाबा, थांबा जरा.”

बाई हसल्या. “विभागाकडून उचल मिळते. नियमात आहे, पण कुणी मागत नाही. विभागप्रमुखांची सही लागेल. ते पाचला जातात.”

घड्याळात पावणेपाच. टेपनं फॉर्म तिथंच उभ्या-उभ्या भरला, रकमेच्या रकान्यात पूर्ण पाचवा हिस्सा लिहिला आणि जिन्याकडे निघाली. वडील दोन पायऱ्या मागे.

“मी काही बोलू का आत?” त्यांनी विचारलं.

“बोला की. कार्यशाळेचं सांगा, माझ्या कामाचं सांगा,” ती दार ठोठावत म्हणाली, “आकडा तेवढा मी सांगते.”