रुपेरी पडद्याच्या मागच्या बाजूला

सगळे माझ्याकडे पाहत आलात, पण मला कुणीच पाहिलं नाही. वर सिनेमाच्या साऱ्या दुनियेला माझंच नाव देऊन मोकळे झालात : रुपेरी पडदा! ही रुप्याची चमक कुणाच्या वाट्याचा उजेड अडवून आली, हे विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?

मी जन्मानं साधं पांढरं कापड. दारव्ह्याच्या अब्दुल गनींच्या तंबू टॉकीजमधलं. जत्रेत पुरुष माझ्यासमोर बसत, बाया-पोरी मागे. मागून चित्र उलटं दिसे, नायक डाव्या हातानं मारामारी करी. पण दिसे. कांता नावाची पोर मागच्या बाजूला सगळ्यांत पुढे असे. पुढे तिचं लग्न झालं, सिनेमा सुटला.

ती गेल्यानंतरची गोष्ट. मशीनचा उजेड मंद होता. म्हणून गनीभाईंनी तेव्हाच्या सिनेमावाल्यांचा उपाय केला. चांदीसारखी चमकणारी पूड रंगात कालवून माझ्या पुढच्या अंगाला फासली. ती चमक उजेड परत फेकते, म्हणून मी रुपेरी. समोरचं चित्र झळाळलं, मागे अंधार झाला. बाया यायच्या थांबल्या. कुणी हळहळलंसुद्धा नाही.

तंबू मोडला. मग मी वर्षानुवर्षं सोयाबीनच्या पोत्यांवर पडून होतो. यंदा कॉलेजातल्या मोनालीनं मला झटकून वस्तीच्या चौकात टांगलं. भाजी विकणाऱ्या कांताबाईवर तिनं छोटा सिनेमा केला होता. मोबाइलवर दाखवायला गेली, तर म्हातारी म्हणाली, "त्या डबीत नाही पाहत मी मले. गनीभाईच्या पडद्यावरच पाहीन."

काल बाजार आटोपून ती आली, तोवर खुर्च्या भरल्या होत्या.

"आजी, थांबा, जागा करते," वायरींत अडकलेली मोनाली म्हणाली.

"राहू दे वं माय. आमी पोरपनी मांगूनच पाहत होतो. माह्यी जागा मले ठाव हाय!"

ठेवणीतलं लुगडं सावरत ती माझ्यामागे बसली.

दिवे गेले. समोर तिचा चेहरा माझ्या अंगभर उमटला. मागे काळोख. तिनं पुढे सरकून मला चाचपलं. "काहून दिसत नाही वं?" पण भोंग्यातून तिचाच आवाज घुमत होता, त्यात हे कुणाला ऐकू जाणार? उठून साऱ्यांच्या उजेडाआड येणं तिला जमेना. ती तशीच बसून राहिली.

खरवडा मला! फाडा हवं तर! निदान यापुढे 'रुपेरी' म्हणाल, तेव्हा एकदा माझ्यामागे येऊन पाहा.

पहिल्या रांगेतला उकंडा नावाचा गडी टाळी देत शेजाऱ्याला म्हणाला, "कांताबाई भारी बोलून राह्यली राजेहो! सोता आली नाही का पाहाले?"