परसातला तंबू काही वाळेना

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. जन्मतः हिरवा होतो, आता माझा रंग कुणालाच नक्की सांगता येत नाही. मला थोड्या थापा मारायची सवय आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर पोटात वारा भरून घेतल्यावर दुसरं काय होणार!

एका शिवणकारखान्यात माझा जन्म झाला. जाड सुती कापड, दुहेरी शिवण आणि कडेने पितळी कड्या. मला विकत घेतलं ते एका मोजणीदाराने. डोंगर, ओढे आणि माळरानं मोजत हिंडणं हा त्यांचा पेशा. दिवसभर ते मोजायचे आणि मी त्यांची वाट बघत उभा राहायचो. एकदा जेवून ते माझ्यात आडवे झाले आणि असा काही वारा सुटला, की आम्ही दोघंही उचलले गेलो. ते जागे झाले तेव्हा आम्ही डोंगरापलीकडच्या खोऱ्यात होतो. त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "बरं झालं, इथली मोजणी राहिलीच होती." खरं-खोटं करत बसू नका. मी कापड आहे, शपथ घ्यायला मला हात नाहीत.

त्या दिवसांत माझा केवढा तोरा होता! मोजणीदारांच्या साहेबांचा कोरा तंबू गळायचा आणि साहेब चहाचा कप घेऊन माझ्यात येऊन बसायचे. पुढे मोजणीदार निवृत्त झाले, लेकीकडे राहायला आले, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे उंदरांनी माझी चव घेऊन पाहिली. कित्येक वर्षं मला कुणी उलगडलं नाही. खोटं सांगत नाही, मी माझ्याच घड्यांशी गप्पा मारत होतो.

मग एके दिवशी माळा आवरायला काढला आणि मी धपकन खाली आलो. मोजणीदारांची लेक शिवणकाम करते. तिने मला हॉलभर पसरलं आणि खडूने माझ्यावर रेघा ओढल्या. अर्ध्या भागात स्कूटरवरचं आच्छादन, उरलेल्यात बाजाराच्या पिशव्या. कात्रीला धार लावून आणलेली होती. मोजणीदार खुर्चीत बसून पाहत होते. लेकीच्या घरात आपण काय बोलायचं, म्हणून गप्प होते. मित्रांनो, मी वादळांना घाबरलो नाही, पण त्या खडूच्या रेघांनी माझ्या अंगावर काटा आला.

मला वाचवलं ते एका मोडक्या पायाने. त्या घरातली मुलगी कधी एका जागी टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तर ही भिंगरी जिन्यावरून पडली होती आणि तिच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. तिचा सगळा वर्ग डोंगरावर शिबिराला गेला होता. ती कॉटवर पडून भिंतीकडे तोंड करायची, कुणाशी बोलायची नाही, जेवायची नाही.

"आई," त्या दिवशी तिने मान वळवली, "हा कापायच्या आधी एकदा उभा करशील?"

"कुठे? हॉलमध्ये?"

"परसात."

"परसात काय आहे गं? कपड्यांची दोरी आणि चार कुंड्या."

"मला इथून तेही दिसत नाही," भिंगरी म्हणाली.

आईने खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "फक्त आजचा दिवस. उद्या कात्री. आणि प्लास्टरला पाण्याचा थेंब लागता कामा नये. डॉक्टर काय म्हणालेत? भिजलं, की कापून पुन्हा पहिल्यापासून."

बाबांनी भिंगरीला उचलून परसात आणलं. मोजणीदार काठी टेकत आले आणि मला उभं करण्याचा हुकूम देऊ लागले. कापड ताणून भिंगरीला आत गादीवर झोपवल्यावर दाराची शेवटची खुंटी तेवढी राहिली.

"जावईबापू, जरा जपून. खाली पाइप आहे ना?"

"अप्पा, मी प्लंबर आहे," बाबा हातोडी उचलत म्हणाले. "पाइप मीच घातलाय. भिंतीलगत गेलाय."

"भिंतीलगत कुठला?" आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "वळणावरचा एक एल्बो वाचवायला तिरका नेलात तो. गिऱ्हाइकांकडे सगळं काटकोनात, आणि घरी..."

हातोडी खाली आली होती. खुंटी पाइपात शिरली आणि माझ्या दारातच पाण्याचं कारंजं उडालं. ते घराच्या छपरापेक्षा उंच गेलं. ढगांना लागलं असं मी म्हणणार होतो, पण राहू द्या. ते सगळं पाणी माझ्या पाठीवर कोसळू लागलं.

पाणी बंद करायचा मेन कॉक बोळात, त्याची चावी गंजलेली, आणि पाना स्कूटरच्या डिकीत. बाबा निथळत धावले.

"तिला बाहेर काढा आधी," आई ओरडतच आली.

"बाहेर काढलीस तर या कारंज्यातून काढावी लागेल," मोजणीदार म्हणाले. "राहू दे तिला आत."

"अप्पा, तो चाळणी झालाय. उंदरांनी खाल्लाय."

"त्याला जरा भिजू दे. सुती कापड आहे, धागे फुगले की बारीक भोकं मिटतात." मग ते मोठ्याने म्हणाले, "भिंगरे, ऐक. काही झालं तरी कापडाला आतून हात लावायचा नाही. ओल्या कापडाला जिथे बोट लागेल, तिथून पाणी झिरपायला लागेल."

माळ्यावर वाळून कोळ झालेलं माझं अंग, मित्रांनो. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला. दुसरा प्लास्टरपासून वीतभर अंतरावर. तिसरा थेंब बरोबर प्लास्टरच्या वर लोंबत होता, आणि भिंगरीचं बोट तो थोपवायला वर आलं. जन्मात कधी गप्प न बसलेली पोर! बोट माझ्यापासून नखभर लांब थांबलं. तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीखाली दाबून पडून राहिली.

मी प्यायलो. जेवढं पाणी येत होतं तेवढं धाग्याधाग्याने प्यायलो. फुगलो, जड झालो, ताणलो. लोंबणारा थेंब जरा मोठा झाला, थरथरला, आणि माझ्या उतारावरून आतल्याआत घसरत कडेच्या मातीत गेला. त्याच्यामागे दुसरा आला नाही.

बोळातून बाबांची हाक आली. "झालं, बंद झालं."

आई चिखलातून रांगत आत शिरली. तिने प्लास्टर वरून चाचपलं, खालून चाचपलं. "कोरडं आहे," ती म्हणाली, आणि तिथेच गादीवर मटकन बसली. मग बाबा आले. आजोबा आले. एकाच माणसासाठी बेतलेल्या माझ्या पोटात ते सगळे दाटीवाटीने बसून हसत होते. माझा जीव केव्हाच भांड्यात पडला होता. खडूच्या रेघा धुऊन गेल्या होत्या आणि त्या कुणीच पुन्हा ओढल्या नाहीत.

"आता याला आत न्यायला हवा," बाबा म्हणाले.

"ओला तंबू घडी करायचा नसतो, कुजतो," मोजणीदार म्हणाले. "वाळेपर्यंत उभाच राहणार."

तेव्हापासून रोज सकाळी ते काठी टेकत यायचे, माझा मागचा कोपरा चिमटीत धरायचे आणि सांगायचे, "अजून ओलसर आहे." मग भिंगरीला पुन्हा माझ्यात आणलं जायचं. दोघं मिळून पडल्या पडल्या परसाची मोजणी करायची. धुण्याचं पाणी साचतं ते साबणतळं, दोन कुंड्यांमधली मांजरखिंड, आणि भिंतीवर एक गोगलगाय, जिचा सकाळचा प्रवास दुपारच्या जेवणापर्यंत चालायचा. भिंगरी दोन-दोन वाट्या भात खायला लागली.

एवढ्या कडक उन्हात मी वाळत का नव्हतो? आई संध्याकाळी झारीने कुंड्यांना पाणी घालायची, आणि जाता जाता उरलेलं माझ्या मागच्या कोपऱ्यावर. कुणाला सांगायची नाही. बाबांना वाटलं, पाइपाला नवा घातलेला जोड गळतोय. त्यांनी सगळा पाइप उकरून काढला. गळती सापडली नाही, पण भिंगरीला एक झकास दरी मिळाली.

प्लास्टर निघालं आणि ती बाबांचा हात धरून त्या दरीपर्यंत चालत गेली. त्या संध्याकाळी आईने माझ्याकडे पाणी फिरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी खडखडीत वाळलो.

त्या कोपऱ्यावर बुरशीचा काळा डाग राहिला आहे. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर त्याला उन्हात काढा, नीट वाळवा आणि ओला असताना कधीच घडी करू नका. एवढी काळजी आमची घ्याच. फक्त घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आमचा एखादा कोपरा भिजवलात तरी चालेल. त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही.