हूझीचे कान

"बाळंतिणीच्या खोलीत परका पाय पडला की दूध आटतं," असे म्हणत थान आजी दारात आडवी उभी राहिली. "बोलायचं ते बाहेर बसून बोल. आणि फोन करकरून जीव खाणारी ती तूच का गं? मला वाटलं, लुबाडणारी टोळी. तीनदा शिव्या घातल्या तुला."

"मीच ती. ऐकल्या सगळ्या," यूझेन हसून म्हणाली. "पेंग यूझेन. माता-बाल केंद्रातून आलेय."

"कान तपासणारी? अगं, पण तो पास झालाय की! नुसतं भांडं पडू दे, कसा दचकतो बघ. हूझी नाव ठेवलंय. वाघाचं पिल्लू!"

पास झाला होता, हे खरेच. जन्मल्यावर यूझेननेच त्याच्या कानाला यंत्र लावले होते. पण टाचेतून घेतलेल्या रक्ताचा निकाल नंतर आला. कान ठणठणीत होते, मात्र आईकडून रक्तात असे काही उतरले होते की एका ठरावीक जातीची इंजेक्शने दिली तर ऐकू येणे कायमचे जाईल. गावोगावचे डॉक्टर ती स्वस्त म्हणून सर्रास देत. ती टाळली की पोर जन्मभर ऐकणार. एवढे सांगायला यूझेन डोंगर चढून आली होती.

आणि हे सांगायचे ते फक्त आईला, असा केंद्राचा दंडक होता. तो उगाच पडला नव्हता. मागे कुणीतरी एका सासूपुढे बोलून गेले, तर 'सुनेचं रक्तच नासकं' म्हणून त्या घराने पोर ठेवून घेतले आणि सुनेला माहेरची वाट दाखवली.

"आजी, घसा कोरडा पडलाय. पाणी मिळेल का?"

"नातू झालेल्या घरातून नुसतं पाणी पिऊन जाशील? बस. गुळाच्या पाण्यात अंडी सोडते." आजी लगबगीने चुलीकडे गेली.

यूझेन खिडकीशी गेली. आत आजीची सून छिउलिंग डोक्याला फडके गुंडाळून हूझीला पाजत होती. यूझेनने भराभर सगळे सांगितले आणि विचारले, "माहेरी कुणाला ऐकू येत नाही का?"

छिउलिंगने आधी चुलीकडे पाहिले.

"भाऊ," ती पुटपुटली. "लहानपणी तापात सुया टोचल्या, तेव्हापासून. लग्न ठरताना लपवलं आम्ही. ताई, तुमच्या पाया पडते, इथं कळू देऊ नका. मला हाकलून देतील."

"पण बाळाला सांभाळणाऱ्या माणसाला माहीत हवं ना."

"मीच सांभाळणार. याला सोडून मी कुठं जातेय?"

यूझेनला हो म्हणायचे नव्हते. या डोंगरांत पोरे आज्याच वाढवतात, आया कारखान्यांत जातात, हे तिला का ठाऊक नव्हते? पण त्या पोरीच्या डोळ्यांतली भीती बघून तिने मान डोलावली. तेवढ्यात आजी वाडगा घेऊन आली.

"काय खुसुरफुसुर चाललीय?"

"काही नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका, एवढंच."

"इंजेक्शन डॉक्टरच देतो की गं! वेडी का खुळी!" आजी खळखळून हसली. "खा, थंड होतंय."

यूझेनने अंडी खाल्ली. चांगली झाली होती.

नववर्षाचा सण उरकला आणि छिउलिंग नवऱ्याबरोबर डोंग्वानला कारखान्यात गेली. पावसाळ्याच्या तोंडाशी थान आजी हूझीला पाठीशी बांधून केंद्रात आली.

"तू ओळखीची, म्हणून थेट तुझ्याकडे आले. बघ जरा. हल्ली इतका गुणी झालाय, शेजारी फटाके वाजले तरी झोपमोड नाही. आणि हाक मारली तर बघतच नाही मेला. कानात मळ साचला असेल, नाही?"

यूझेनने हूझीला आजीच्या पाठीवरून उतरवून घेतले. "मधे आजारी होता का?"

"हगवण लागली होती. पोर हातचं जात होतं बघ. देव भला करो आमच्या डॉक्टरचं, सुया दिल्या आणि उठून बसला!"

"त्यानं विचारलं नाही काही?"

"विचारलं ना. कुठलं औषध सोसत नाही का, म्हणून. म्हटलं, वाघ आहे माझा, सगळं सोसतं."

तपासणीच्या खोलीत हूझी शांत झोपला होता. यूझेनने आवाज वाढवत वाढवत शेवटच्या टोकापर्यंत नेला. पडद्यावरची रेघ सरळच राहिली. यंत्र बदलून तिने पुन्हा पाहिले. मग डोंग्वानला छिउलिंगला फोन लावून सांगितले. पलीकडून कारखान्याची खडखड तेवढी ऐकू येत राहिली.

आजीला मात्र आता सगळे सांगावेच लागले.

"म्हणजे तू तेव्हा हे सांगायला आली होतीस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि माझ्या हातची अंडी खाऊन गेलीस."

"तुम्ही तिला घराबाहेर काढाल, अशी भीती वाटली तिला. मलाही."

"काढलं असतं की नसतं, देव जाणे. शिव्या तर नक्की घातल्या असत्या, गाव गोळा केलं असतं." आजीचा आवाज चिरकला. "पण सुईला हात लावू दिला असता का गं मी? माझ्या पोराला? माझ्या पोराला, बाई!"

मेलेले बरे, असे यूझेनला वाटले.

आजीने हूझीला उचलले आणि बाहेरच्या बाकावर नेऊन मांडीत पाठमोरा बसवले. "हूझी," तिने त्याच्या मागून हाक मारली. तो आपल्या पायाचा अंगठा धरून बसला होता. "हूझी! ए हूझी! इकडं बघ राजा!" रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या. आजीचा आवाज चढतच गेला.

यूझेन तिला थांबवायला उठली. पण परिचारिका पुढचे बाळ घेऊन आत आली होती. ते नुकतेच झोपले होते, आणि या तपासणीला खोली शांत लागते.

यूझेनने दार लावून घेतले.