भिंगरीचं तटलेलं दूध

मित्रांनो, मी एक जुनी गावठी कुत्री आहे. ब्लेसी दहावी पास झाली, त्या वर्षी तिच्या वडिलांनी, म्हणजे गिदोन आप्पांनी, मला पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यातून घरी आणलं. मी माझ्याच शेपटीमागे गोल गोल फिरायचे, म्हणून ब्लेसीच्या आईनं, एलिझाबाईनं, माझं नाव भिंगरी ठेवलं. आता मी फिरत नाही. एकदा बसले की उठावंसं वाटत नाही.

आमचं घर शिरूरच्या कडेला, घोडनदीच्या बाजूला आहे. दारात दोन गाई आहेत. सकाळी आप्पा धारा काढायचे, किटल्या मोटारसायकलला अडकवायचे आणि दूध घालायला जायचे. मी फाट्यापर्यंत मागे पळायचे. संध्याकाळी रांजणगावच्या कंपनीची बस यायची. उतरणारा माणूस ओळखीचा असला तर मी शेपूट हलवायचे, नसला तर भुंकायचे. "भिंगरी हाय तवर मला कडी लावायची गरज न्हाई," असं आप्पा येईल त्याला सांगायचे. ते ऐकून माझं पोट भरायचं असं म्हणायची रीत आहे, पण ते खरं नाही. भाकरी लागायचीच. कौतुक मात्र बरं वाटायचं.

मला तीनदा पिल्लं झाली. पहिल्या दोन वेळी ती एकेक करून गेली. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरं. माझं दूध हळूहळू आटत गेलं. दुःख झालं, पण अंगाला त्रास झाला नाही.

तिसऱ्या वेळी तसं झालं नाही. ब्लेसी तेव्हा दौंडहून बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला. त्याच्या बाप्तिस्म्याच्या तेरा दिवस आधी कडब्याच्या आडोशाला मला सहा पिल्लं झाली.

बाप्तिस्मा रविवारी होता. देवळातली, म्हणजे चर्चमधली, प्रार्थना आटोपून मंडळी घरी जेवायला आली. दौंडहून ब्लेसीच्या सासरची माणसं जीप करून आली होती, सणसवाडीहून आप्पांचे भाऊबंद आले होते. आता आप्पांची एक सवय आहे. दारातून पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर त्यांना चैन पडत नाही. कुणाला दुधाची बाटली, कुणाला चार लिंबं, काहीतरी हातात देतातच. त्या दिवशी दूध स्वयंपाकातच संपलं होतं. तेवढ्यात एका पाहुण्याची नजर कडब्याकडे गेली.

"आप्पा, डोळं उघडल्यात की पिल्लांचं!"

"मग बघता काय? न्या की! घरचीच हायती," आप्पा म्हणाले.

एका दुपारी माझी पाच पिल्लं गेली. चार नर आधी गेले. मग पाठीवर ठिपका असलेली एक मादी एका मुलीनं ओढणीत गुंडाळली. मी जीपमागे फाट्यापर्यंत पळाले. माझं दूध रस्त्यावर ठिबकत होतं. परत आले तेव्हा कडब्याजवळ एकच पिल्लू उरलं होतं. सगळ्यात बारीक मादी. ती एकटी किती पिणार?

मंगळवारपर्यंत माझे मागचे दोन सड दगडासारखे झाले. कातडी तापली, लालनिळी पडली. दुधाऐवजी पिवळट पाणी आणि रक्त येऊ लागलं. अंगात ताप होता. समोरची भाकरी मुंग्या नेत होत्या आणि मी बघत होते. मला कुशीवर पडता येईना. पिल्लू जवळ आलं की मी उठून दुसरीकडे जायचे. मित्रांनो, आईनं पिल्लापासून पळावं यासारखी लाजेची गोष्ट नाही. पण मी पळत होते.

बुधवारी आप्पांनी माझं पोट पाहिलं. "दगडी झालीय हिला," ते म्हणाले. गाईची कास सुजून घट्ट होते, तिला आमच्याकडे दगडी म्हणतात. आप्पांनी आयुष्यभर गाई पाळल्या. दगडी झालेला सड जोर लावून पिळायचा, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांनी मला दोन गुडघ्यांत धरलं आणि गाईचा सड पिळावा तसा माझा सड पिळला.

मी त्यांना चावले. ज्या हातानं आठ वर्षं भाकरी दिली, त्याच हाताला.

शेजारचे तात्याबा चहाला बसले होते. ते बशी टाकून ओट्यावर चढले. "आरं गिदोन, पिसाळली ही! बघ, खात न्हाई, पित न्हाई, पिल्लाला जवळ घेईना. आन् तुज्या घरात तान्हं पोर हाय!"

बाळाचं नाव निघताच आप्पांचा चेहरा उतरला. हाताला फडकं गुंडाळत ते म्हणाले, "उद्या पोत्यात घालून दौंडकडच्या उसात सोडून येतो."

मला गोठ्याच्या मागे साखळीनं बांधलं. पिल्लाला खोक्यात घालून घरात नेलं आणि बोळ्यानं गाईचं दूध पाजायला लागले. त्याचं कुईकुई मला ऐकू येत होतं. साखळी तिथपर्यंत पुरत नव्हती.

ब्लेसी खिडकीतून सगळं बघत होती. ती काही बोलली नाही. वडिलांसमोर आणि तात्याबांसमोर ती असलं कसं बोलणार? दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा पोतं शोधायला गेले, तेव्हा ती आईला म्हणाली, "आई, तिचं दूध तटलंय, आत साचून गाठी झाल्यात. गेल्या महिन्यात माझं तटलं, ताप भरला, तवा मी तुला तरी हात लावू दिला व्हता का?"

"लाथ मारलीस मला," एलिझाबाई म्हणाली.

"मग मला न्हाई घातलंस ते पोत्यात!"

एलिझाबाई तशीच पदर खोचून गोठ्याकडे निघाली. आप्पा पोतं झटकत होते. तिनं ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"ठेवा ते. पोरगी म्हणती, दूध तटलंय. डॉक्टरला आणा."

"मग काल का न्हाई बोलली?"

"तुमच्या म्होरं काय बोलंल ती? आन् तात्याबा बशी फोडून वर उभा!"

शुक्रवारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी माझं तोंड बांधलं, मग हळूच पोट चाचपलं. "आप्पा, ही गाय नाही. सुजलेला सड असा पिळला तर माणूसही चावेल." त्यांनी सुई टोचली, गोळ्या लिहून दिल्या, कोमट पाण्यानं शेकायला सांगितलं. "हिला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. आणि तुम्ही आजच सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. कुत्रं घरचं आहे म्हणून टाळू नका." मग त्यांनी विचारलं, "पिल्लू कुठं आहे?"

खोकं आणलं. गाईच्या दुधानं पिल्लाला जुलाब लागले होते. ते पार वाळून गेलं होतं. बाई बराच वेळ त्याच्याशी खटपट करत राहिल्या. पिल्लाचं वेगळं दूध मिळतं, ते त्यांनी आणायला सांगितलं. आप्पांनी त्याच दिवशी पुण्याहून मागवलं. ब्लेसी बाळाला मांडीवर घेऊन दुसऱ्या हातानं पिल्लाला थेंब थेंब पाजायची.

माझा एक सड फुटला, वाहिला आणि बरा झाला. दुसरा कायमचा सुकला. ताप उतरल्यावर आप्पा भाकरी घेऊन आले. सुजलेला हात पाठीमागे ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं ती पुढे केली. "चूक माझी व्हती, बाय," असं म्हणून ते खालीच बसले. मी भाकरी खाल्ली. भूक होती म्हणून खाल्ली. रागवायलाही अंगात बळ लागतं.

मित्रांनो, पिल्लू हवं असेल तर दोन महिने थांबा. ते खायला शिकू द्या. एका दिवसात सगळी उचलू नका, दूध असं एका दिवसात थांबत नाही. व्यालेली कुत्री खात नसेल, कुशीवर पडत नसेल, पिल्लांना टाळत असेल, तर वेडी म्हणण्याआधी लांबून तिचं पोट बघा आणि डॉक्टरला बोलवा. जे दुखणं बोलायला लाज वाटते, ते कुणीतरी त्याच दिवशी बोला.

आमच्याकडे ते एक दिवस उशिरा बोललं गेलं. माझं शेवटचं पिल्लू बुधवारी, सव्वीस फेब्रुवारीला सकाळी, धारा काढायच्या वेळेला मेलं. ते तेवीस दिवसांचं होतं.