घरच्या बाईचा वाटा

रविवारी दुपारी धुरपदाबाई आत्याने कालवणाचं पातेलं स्टोव्हवरून उतरवलं आणि मला ताटं मांडायला सांगितली. आईला जाऊन सव्वा महिना झाला होता. दुखवट्यामुळे मासे बंद होते. ते आज पहिल्यांदा घरात शिजले होते.

मी ताटं मांडली. पाण्याचे तांबे उगाच इकडचे तिकडे ठेवत होते. काल कॉलेजातून ऐकून आलेलं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

खानदेशातून सुरतेजवळ उधन्याला आलो तेव्हा तापीकाठची एक रीत बरोबर आली. माशाचे मधले तुकडे पुरुषांना, शेपट्या पोरांना. डोकं, काळीज, अंड्यांची गाभोळी घरच्या बाईला, तीही सगळ्यांचं झाल्यावर. आजी तेच खायची, तिच्यानंतर आई. ती गेली, म्हणजे आता माझ्या भावाची, पंडितची, बायको मंगलावहिनी. तिला पाचवा महिना होता.

मासे खाडीचे. माझे वडील, आबा, आणि पंडित कापडाच्या लूमवरून सुटले की जाळं घेऊन जायचे. थंडीत परदेशातून येणारी मासेमार घार जिथे झेप घेई, तिथेच जाळं टाकायचं, हा आबांचा हिशेब. ही घार मेलेल्याला तोंड लावत नाही, म्हणजे मासा ताजाच. गेली दोन वर्षं तिथले मासे सुस्त झाले होते, हातानेही सापडत. नशीब उघडलं, असं आमच्या खोल्यांची सगळी ओळ म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात आईच्या हातातून कपबश्या निसटू लागल्या. मग झटके आले. आत्या म्हणाली बाहेरचं आहे. उतारे झाले, अंगारे झाले. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. त्याच दिवसांत खाडीच्या काठाला मला एक घार बसलेली दिसली. मान थरथरत होती, पंख उघडत होते आणि पुन्हा मिटत होते. ती माझ्यासमोर मेली. तिची मान आईच्या मानेसारखीच हलत होती, म्हणून मी तिला पिशवीत घालून प्राणिशास्त्राच्या अविनाश सरांकडे नेलं.

मुंबईच्या प्रयोगशाळेचं उत्तर काल आलं.

"पिकांवर मारतात त्यातलं औषध आहे," सर म्हणाले. "घारीच्या चरबीत आणि मेंदूत सापडलं. खाडीच्या वरच्या अंगाला ते बनवणारा कारखाना आहे. हे विष पाण्यात विरत नाही, चरबीत साठतं. म्हणजे माशाच्या डोक्यात, काळजात, गाभोळीत. आणि ही घार मासा डोक्यापासूनच खायला लागते."

"माझी आईसुद्धा," मी म्हणाले.

सरांनी प्रयोगशाळेचा कागद घडी करून ठेवला. "आईबद्दल मला खात्रीने सांगता यायचं नाही. या विषासाठी त्यांना कुणी तपासलंच नाही."

घारीची तपासणी झाली होती. आईची नाही.

पुरुष जेवायला बसले. आत्याने मधले तुकडे वाढले. आज पहिला दिवस म्हणून तिने मंगलावहिनीलाही सोबत बसवलं आणि तिच्या ताटात मोठं डोकं ठेवलं.

"ले माय. आते हाई डोकं तुनं. आते तू घरनी बाई."

वहिनीने मान खाली घालून घास मोडला.

"वहिनी, खाऊ नका," मी म्हणाले. आणि जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं.

"मास्तरीणले सर्व माहीत शे!" आत्या उसळली. "आमी काय जहर रांधतस का? तुनी माय जलमभर खाये. तिले आवडे."

"आवडायचं, हे तिने कधी सांगितलं, आत्या? तिच्या ताटात मधला तुकडा कुणी कधी वाढला होता का?"

आबांचा हात ताटातच राहिला.

"छोड ना, ताई," पंडित म्हणाला. "आखं उधना खातंय. कंई नथी थतुं, काही होत नाही." पण मग त्याची नजर बायकोकडे गेली. त्याने आपला मधला तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला आणि डोकं आपल्याकडे ओढलं. "घे. आजपासून असंच."

माझा धाकटा भाऊ. त्या क्षणी तो मला फार आवडला.

"पंडित, तोही नको," मी म्हणाले. "त्याच पाण्यातला आहे. वाटा बदलून भागणार नाही."

"मंग आमी काय खावानं?" आत्याने विचारलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता.

मंगलावहिनीने ताट पुढे सरकवलं. या घरात ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "मला वरण करा. नाहीतर मी करते."

आबा उठले, हात धुतले. पातेलं उचलून त्यांनी मागे खड्ड्यात ओतलं आणि वरून माती लोटली, कुत्र्यामांजराच्याही तोंडी लागू नये म्हणून. मग तिथेच उकिडवे बसले. "तिने माले कधी सांगं नही," एवढंच म्हणाले.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर जायचं, सरांना बरोबर घ्यायचं, हे मी ठरवलं होतं. पण सोमवार उद्या होता. आमच्या ओळीतल्या खोलीखोलीतून कालवणाचा वास येत होता, आणि प्रत्येक खोलीत एक घरची बाई बाकीच्यांचं आटपायची वाट बघत बसली होती.

मी चपला घातल्या आणि शेजारच्या अंजनाबाईंच्या दारावर थाप मारली.